समुद्र सारें पोटांत घालील काय ?

गेल्या भाद्रपदांतली गोष्ट. आमच्या घरचा गणपति दीड दिवसाचा. आम्ही पवईस राहतों. तलाव घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि कांठीं विसर्जनाची सोयहि आहे. परंतु त्या दिवशीं तेथें गर्दी फार झाली आणि आमच्या मातोश्रींच्या मनानें घेतलें कीं, यंदां देवाला समुद्रांतच पोंचवावें. तेव्हां घरांतील सारी लहानथोर मंडळी जुहूस गेली. आमचा आठ वर्षांचा पुतण्या मूर्तीबरोबर छातीएवढ्या पाण्यांत शिरला, आणि बाहेर येतांना शिंपल्याच्या धारेनें त्याचा तळपाय कापला. मातोश्रींनीं ओंजळीनें समुद्राचें पाणी घेऊन जखम तीन वेळां धुतली आणि म्हणाल्या, "रडूं नकोस रे बाळ. खारें पाणी लागलें म्हणजे जखम चिघळत नाहीं. मिठासारखें दुसरें औषध नाहीं."

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पाय सुजून तांबडा झाला. रात्रीं ताप चढला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं नडगीवर फोड उठलेले दिसले आणि मुलगा वेदनेनें तळमळूं लागला. डॉक्टरांनीं पाय पाहतांच पहिला प्रश्न केला, "हा समुद्रांत गेला होता काय ?" जखमेंतील पू तपासणीस गेला आणि त्यांत समुद्रांतच वस्ती करणाऱ्या एका कुळाचा जंतु निघाला. नऊ दिवस मुलाला रुग्णालयांत ठेवावें लागलें. ईश्वरकृपेनें आणि वेळीं झालेल्या उपचारानें तो पूर्ण बरा झाला. त्या नऊ दिवसांत मातोश्री त्याच्या उशापासून उठल्या नाहींत. त्यांना कोणी एक शब्दहि बोललें नव्हतें, परंतु त्या स्वतःशींच पुनःपुन्हां म्हणत, "ती जखम मीच धुतली."

त्यांचें तें वाक्य आमच्या मनाला लागून राहिलें. मीठ नासूं देत नाहीं, हा अनुभव तर आमच्या घराण्यांतील पिढ्यान्‌पिढ्यांचा. सर्व तीर्थें सागराच्या पोटांत आहेत, ही श्रद्धाहि तितकीच जुनी. मग चूक कोठें झाली ? या प्रश्नाचा शोध घेतांना आम्हांस जें वाचावयास व जाणत्या डॉक्टरांकडून ऐकावयास मिळालें, तें आमच्याप्रमाणेंच मुलाबाळांच्या मोठ्या कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

मीठ कोणाला मारतें ?

लोणच्याची बरणी वर्षभर टिकते, कोळणींचे खारवलेले मासे पावसाळाभर पुरतात, हें खरेंच आहे. मीठ जंतूच्या शरीरांतील पाणी शोषून घेतें व त्याची वाढ थांबवितें. परंतु हा गुण मिठाच्या प्रमाणावर अवलंबून आहे. लोणच्यांत मीठ शेंकडा दहा-पंधरा भागांपर्यंत असतें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत तें सुमारें ३५ ग्रॅम, म्हणजे शेंकडा साडेतीनच भाग असतें. आणि पावसाळ्यांत नदीनाल्यांचें पाणी मिसळल्यावर किनाऱ्यालगत व खाड्यांत तें याहून पुष्कळ कमी होतें. बरणींत जें घडतें तें समुद्रांत घडेल, ही अपेक्षा म्हणूनच फोल आहे.

समुद्राच्या पाण्यांत आढळणारे रोगजंतु दोन प्रकारचे समजावे. एक पाहुणे आणि दुसरे घरचे. पाहुणे ते, जे मनुष्याच्या व जनावरांच्या आंतड्यांतून मैल्याबरोबर समुद्रांत येतात. विषमज्वराचा जंतु, आमांशाचा जंतु, जुलाब करणारे अनेक प्रकार हे सारे या वर्गांत येतात. यांना समुद्र मानवत नाहीं. मीठ, उपासमार, इतर सूक्ष्म जीवांचें भक्ष्य होणें आणि सर्वांत प्रभावी असा सूर्यप्रकाश, यांमुळें ते मरत जातात. निर्मळ पाणी व लख्ख ऊन असेल तर त्यांतील बहुसंख्य जंतूंचा कांहीं तासांतच निकाल लागतो. परंतु पाणी गढूळ असलें, आभाळ भरून आलें किंवा रात्र असली कीं तेच जंतु कित्येक दिवस तग धरतात. आणि किनाऱ्याच्या ओल्या वाळूंत व गाळांत तर त्याहूनहि अधिक काळ लपून राहतात. ज्या ओल्या वाळूंत आपलीं मुलें किल्ले बांधतात, ती पाण्यापेक्षां निर्मळ असते असें समजूं नये. विषमज्वराचे किंवा आमांशाचे जंतु समुद्रांत मरतात हें खरें. परंतु ते मरण्याच्या आंत नवे येऊन पोंचले तर मरण्याचा उपयोग काय?

घरचे जंतु मात्र वेगळेच. त्यांच्या कुळास व्हिब्रिओ म्हणतात. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं हे स्वल्पविरामासारखे किंचित् वांकडे दिसतात. यांना मीठ मारीत नाहीं. उलट यांतील बहुतेकांना जगावयास मीठ लागतेंच. कोंबट आणि बेताचें खारें पाणी, म्हणजे नद्या जेथें समुद्रास मिळतात तेथील पाणी, हें त्यांचें माहेर होय. आणि आमच्या मुंबईचा समुद्र तर बारा महिने कोंबट असतो. मातोश्रींचें औषध ज्या जंतूवर चाललें नाहीं, तो याच कुळांतला होता.

या कुळांतील तिघांची ओळख करून घेणें इष्ट आहे. पहिला पटकीचा जंतु. फ्लॉरेन्स येथील पाचिनी यांनीं तो १८५४ सालींच पाहिला होता. पुढें रॉबर्ट कॉक यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यास त्याची शुद्ध वाढ करून पटकीशीं त्याचा संबंध दाखविला. तो विष सोडून आंतड्यांतील पाणी ओढून बाहेर काढतो, हें सिद्ध करण्याचा मान कलकत्त्याचेच शंभुनाथ डे यांचा, वर्ष १९५९. दुसरा, जपानांत ओसाका येथें १९५० सालीं लहान वाळविलेले मासे खाऊन २७२ माणसें आजारी पडलीं आणि २० दगावलीं, तेव्हां फुजिनो यांस सांपडलेला पॅराहीमोलिटिकस. कच्च्या व अर्ध्याकच्च्या मासळींतून होणाऱ्या जुलाबवांतीचें हें एक मोठें कारण आहे. तिसरा व्हल्निफिकस. याच्या नांवांतच जखम करणारा असा अर्थ आहे. उघड्या जखमेंतून किंवा कच्च्या कालवांतून तो शरीरांत शिरतो. आणि ज्यांचें यकृत बिघडलेलें आहे किंवा ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्या रक्तांत भिनला तर फार थोड्या वेळांत प्राणावर बेततें. अमेरिकेंतील सरकारी आरोग्यखात्याच्या माहितीप्रमाणें या जंतूनें ग्रासलेल्या दर पांच रोग्यांत सुमारें एक दगावतो.

पटकीच्या जंतूविषयीं एक गोष्ट आमच्या वाचकभगिनींना विशेष मनोरंजक वाटेल. रिटा कोलवेल या अमेरिकन विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, हा जंतु पाण्यांतील अतिसूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या अंगास चिकटून राहतो. मनुष्यांत सांथ नसतांहि तो असा वर्षानुवर्षें खाड्यांतून जिवंत असतो; कांहीं वेळां तर प्रयोगशाळेंतील नेहमींच्या खाद्यावर न वाढण्याच्या निद्रिस्त स्थितींत असतो, त्यामुळें तपासणीस सांपडतहि नाहीं. तो ज्यावर बसतो ते प्राणी वस्त्रांत अडकण्याइतके मोठे असतात. म्हणून बांगलादेशांतील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळण्याचा प्रयोग करण्यांत आला, आणि २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें तेथें पटकीचें प्रमाण जवळजवळ निम्म्यानें घटलें. आमच्या आज्या-पणज्या जुनेराच्या घडींतून पाणी वस्त्रगाळ करून पीत असत, त्या चालीस असा भक्कम आधार सांपडला. तथापि गाळणें हें उकळण्याची जागा घेऊं शकत नाहीं, हें विसरतां कामा नये.

पवईहून माहीमपर्यंत

आतां पाहुण्यांकडे वळूं. ते समुद्रांत येतात कोठून ? याचें उत्तर शोधण्यास आम्हांस घराबाहेर फार लांब जावें लागलें नाहीं.

पवईचा तलाव १८९१ सालीं बांधला गेला. मुंबईस पिण्याचें पाणी पुरवावें हा त्याचा उद्देश होता; परंतु पाण्याची प्रत उतरती ठरल्यामुळें तो पुरवठा पुढें बंद करावा लागला. आज त्यांत सुसरी आहेत, पक्षी आहेत, आणि भोंवतालच्या वस्तींतून येणाऱ्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णीहि आहे. पावसाळ्यांत तलाव भरून वाहूं लागला कीं त्याचें पाणी विहार तलावाच्या सांडव्याच्या पाण्यास मिळतें आणि त्यांतून मिठी नदी होते. ही नदी साकीनाका, विमानतळ, कुर्ला, वाकोला, धारावी असा सुमारें १८ किलोमीटरांचा प्रवास करून माहीमच्या खाडींतून अरबी समुद्रास मिळते. वाटेंत जीं गटारें नळाला न जोडतां नाल्यांत सोडलेलीं असतात, त्यांचें सारें पाणी तीच पोटांत घेते. तात्पर्य, पवईच्या उतारावर जें नाल्यांत पडतें, तें माहीमच्या किनाऱ्यावर पोंचतें. आम्ही समुद्रापासून दूर राहतों हा आमचा भ्रम होता.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि या नदीनें आपल्या पोटांतलें सारें लोकांच्या घरांत आणून टाकलें, तो प्रसंग मुंबईकर विसरलेले नाहींत. त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसची सांथ उसळली. त्याचा जंतु उंदरांच्या मूत्रांतून येतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत तो फार टिकत नाहीं, परंतु रस्त्यावर तुंबलेल्या गोड्या पाण्यांत उत्तम टिकतो आणि पायाच्या लहानशा भेगेंतूनहि शरीरांत शिरतो. म्हणून तुंबलेल्या पाण्यांतून चालावें लागलें तर ७२ तासांच्या आंत डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रतिबंधक औषध घ्यावें, अशी सूचना महानगरपालिका पावसाळ्यांत करीत असते.

शहराच्या मैल्याची व्यवस्था मुळींच नाहीं असें नव्हे. वरळी व वांद्रें येथून समुद्राच्या तळाखालून तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचे बोगदे काढलेले आहेत. त्यांतून मैलापाणी खोल समुद्रांत सोडावें, म्हणजे तेथें तें विरळ होईल, अशी योजना आहे. वर्सोवा व मालाडचें पाणी मालाडच्या खाडींत, तर भांडुप व घाटकोपरचें ठाण्याच्या खाडींत जातें. परंतु विरळ करणें आणि शुद्ध करणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. जंतु मारण्याइतकी पूर्ण शुद्धि करणारीं सात नवीं केंद्रें उभारण्याच्या कामाची पायाभरणी २०२३ च्या जानेवारींत झाली. तीं सर्व चालूं झालीं म्हणजे किनाऱ्याच्या स्थितींत फरक पडावा. तथापि नाल्यांतून वाहणारें सांडपाणी त्या केंद्रांपर्यंत नेण्याचें काम त्याहूनहि किचकट आहे.

मोजमाप कसें करतात ?

समुद्राच्या पाण्यांत प्रत्येक रोगाचा जंतु शोधीत बसणें अशक्य आहे. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या सोबत्यास शोधतात. थिओडोर एश्चेरिश यांनीं १८८५ सालीं बालकांच्या आंतड्यांत एक जंतु पाहिला, त्यास आज त्यांचेंच नांव आहे. तो व त्याचे भाऊबंद प्रत्येकाच्या आंतड्यांत असतात व बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु ते पाण्यांत सांपडले म्हणजे विष्ठा तेथें पोंचली हें निश्चित. दुग्धशर्करा घातलेल्या द्रवाच्या नळ्यांत पाण्याचा नमुना थोडथोडा घालून साडेचव्वेचाळीस अंश उष्णतेवर ठेवतात. हे जंतु असतील तर शर्करा आंबून वायूचा बुडबुडा दिसतो, आणि किती नळ्यांत बुडबुडा आला यावरून संख्येचा अंदाज बांधतात. आपल्या देशांत स्नानास योग्य अशा समुद्राच्या पाण्यास १०० मिलिलिटरांत असे १०० जंतु ही मर्यादा घालून दिलेली आहे. दाट वस्तीच्या शहराचे नाले जेथें समुद्रास मिळतात, तेथें ही मर्यादा पाळली जाणें कठीणच.

या मापांतहि एक उणीव आहे. हा जंतु समुद्रांत लवकर मरतो, आणि कांहीं रोगकारक मागें राहतात. म्हणून अलीकडे समुद्राच्या पाण्यासाठीं आंतड्यांतीलच परंतु अधिक चिवट अशा एन्टरोकोकस नांवाच्या जंतूची गणना अधिक विश्वसनीय मानतात. परंतु व्हिब्रिओ हा घरचा असल्यामुळें त्याचा पत्ता यांपैकीं कोणत्याहि मापानें लागत नाहीं.

शिंपल्यांची गोष्ट

आमच्या वाचकांत मत्स्याहारी घरेंहि पुष्कळ आहेत; त्यांच्यासाठीं दोन शब्द. तिसऱ्या, शिंपल्या व कालवें हीं पाणी गाळूनच आपलें पोट भरतात. तासाला कित्येक लिटर पाणी त्यांच्या शरीरांतून जातें, आणि त्यांतील जंतु आंत सांठत राहतात. १९७३ सालीं इटलींतील नेपल्स शहरांत पटकी उद्भवली, तेव्हां संशय शिंपल्यांवर आला आणि किनाऱ्यावरील त्यांची लागवडच उपटून काढण्यांत आली. १९९१ सालीं पेरू देशाच्या किनाऱ्यावर पटकी आली, आणि त्या एका वर्षांत तेथें तीन लाखांहून अधिक लोकांस तिची बाधा झाली. दूषित पाण्याप्रमाणें लिंबाच्या रसांत मुरविलेल्या कच्च्या मासळीवरहि तेव्हां ठपका आला. आमच्याकडे कालवण उकळतें, ही मोठीच सुदैवाची गोष्ट होय. फक्त शिंपला उघडतांच भांडें उतरवूं नये; त्यानंतरहि कांहीं मिनिटें उकळूं द्यावें. कच्ची मासळी ज्या विळीवर चिरली, तिच्यावर कोशिंबीर चिरूं नये.

आणखी एक संकट अलीकडचें आहे. रुग्णालयांतून व घरांतून वाहणाऱ्या सांडपाण्याबरोबर औषधांना न जुमानणारे जंतुहि समुद्रांत जातात. इंग्लंड व वेल्सच्या किनाऱ्यांवर लाटांवर फळीनें खेळणाऱ्या लोकांची पाहणी होऊन २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. सेफोटॅक्सिम या प्रभावी औषधास दाद न देणारे आंतड्यांतील जंतु समुद्रांत न जाणाऱ्या शंभरांत तिघांच्या, तर या खेळाडूंपैकीं शंभरांत नऊजणांच्या शरीरांत आढळले. साध्या सर्दीपडशास अर्धवट गोळ्या घेऊन उरलेल्या मोरींत टाकणारे आपण या साखळींत कोठें आहों, याचा प्रत्येक घरानें विचार करावा.

घरांत काय करावें ?

भयभीत होऊन समुद्राकडे पाठ फिरवा, असें आम्ही सांगत नाहीं. नियम थोडे आहेत व सोपे आहेत. अंगावर ओली जखम, कापलेलें बोट, नुकतेंच टोंचलेले कान असतील तर समुद्राच्या पाण्यांत शिरूं नये. मोठा पाऊस पडून गेल्यावर निदान दोन-तीन दिवस किनाऱ्यावर स्नान करूं नये, कारण त्या वेळीं नाल्यांतील सारी घाण तेथें आलेली असते. नाल्याच्या मुखाशीं तर कधींच उतरूं नये. मुलांच्या तोंडांत पाणी जाऊं देऊं नये. आणि घरीं येतांच, कांहीं खाण्यापूर्वीं, साबणानें हात धुवावेत. समुद्रांत जखम झालीच तर ती नळाच्या स्वच्छ वाहत्या पाण्यानें व साबणानें धुवावी. कांहीं तासांत जखमेच्या मानानें फाजील ठणका, पसरणारी लाली, फोड किंवा ताप दिसल्यास रात्र काढूं नये. तत्काळ डॉक्टर गांठावा व समुद्राचा संबंध त्यांस आपण होऊन सांगावा. यकृताचे रोगी, मधुमेही व वृद्ध यांच्या बाबतींत हें विशेष कटाक्षानें पाळावें.

जुलाबवांती झाल्यास पहिली भीति शरीरांतील पाणी जाण्याची असते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून तें थोडथोडें पाजीत राहावें आणि वैद्यकीय मदत मागवावी. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत दिलीप महालनबीस यांनीं साखर-मिठाच्या अशाच पाण्यानें पटकीच्या रोग्यांतील मृत्यूचें प्रमाण शेंकडा तीसवरून चाराच्याहि खालीं आणलें. मीठ हें औषध आहे, असें मातोश्री म्हणत, तें येथें अक्षरशः खरें ठरतें. केवळ जागा आणि प्रमाण ठाऊक असावें लागतें.

हें सारें आम्हीं मातोश्रींना वाचून दाखविलें. शेवटीं डॉक्टरांनीं आम्हांस सांगितलेली एक गोष्टहि सांगितली : मुलगा जखम झाल्या क्षणीं छातीएवढ्या समुद्रांतच उभा होता, जंतु जखमेंत शिरावयाचा तो तेव्हांच शिरला असेल, त्यांच्या ओंजळीनें नव्हे. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "तसें असेल. पण ज्या पाण्यानें नातवाचा पाय धुवायला मी आतां भितें, त्यांत देवाला कसें सोडूं ?"

यंदां आमच्या घरीं शाडूची लहान मूर्ति यावयाची आहे. विसर्जन अंगणांत तांब्याच्या घंगाळांत व्हावयाचें, आणि तें मातीचें पाणी तुळशीला व पारिजातकाला घालावयाचें, असें मातोश्रींनीं स्वतःच ठरविलें आहे. नारळी पौर्णिमेस मात्र त्या पूर्वींप्रमाणेंच समुद्रावर जातात. कोरड्या वाळूवर उभ्या राहून त्या नमस्कार करतात, आणि नातवाचा हात सोडीत नाहींत.